बुरुजावरचा लोखंडी कठडा

गुणवंत सावर्डेकर अबुधाबीत बांधकामांवर सेफ्टी ऑफिसर आहे. अल रीम आयलंडवर आम्ही एकाच मजल्यावर राहतो, त्यामुळे त्याचा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे. लिफ्टमध्ये शिरला की तो आधी तपासणीची तारीख वाचतो. आमच्याकडे चहाला आला की बाल्कनीचं दार लोटतो, मगच बसतो. त्याची बायको विभावरी हसून सोडून देते. मुलगी ईश्वरी आता चौदाची आहे, तिला मात्र या सगळ्याची लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात तिघं फ्रान्सला गेले. ईश्वरी शाळेत फ्रेंच शिकते, आणि तिला तिथल्या एका खेड्यातला डोंगरमाथ्यावरचा जुना किल्ला बघायचाच होता. मध्ययुगातला, आठशे वर्षांपूर्वीचा. जाण्याआधी पंधरा दिवस गुणवंत त्या किल्ल्याचे फोटो मोठे करकरून बघत होता. कठडा कुठे आहे, कुठे नाही.

गावातल्या दगडी गल्ल्या चढतानाच तो प्रत्येक पायरी बुटाने चाचपून बघू लागला. दगड झिजून गुळगुळीत झालेले, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या. गुडघे दुखतात म्हणून विभावरी खाली चौकातच थांबली. बुरुजाचा गोल जिना इतका अरुंद, की ईश्वरी पुढे आणि हा मागे. वळणावर ती दिसेनाशी झाली की हा हाक मारायचा. "आय'म हिअर, बाबा," ती दर वेळी सांगायची, आणि दर वेळी जरा जास्त वैतागून.

वर भन्नाट वारा होता. ईश्वरी थेट कडेला गेली आणि लोखंडी कठड्यावर रेलून फोटो काढू लागली. खाली सरळ दरी. गुणवंतने कठड्याला हात लावला आणि त्याला तो हलल्यासारखा वाटला. त्याने तिचा दंड धरून तिला इतक्या जोरात मागे ओढलं, की तिचा फोन फरशीवर आपटला. मग हात पसरून तो तिथेच उभा राहिला, वर आलेल्या कुणाच पर्यटकाला पुढे जाऊ देईना. शेवटी कुणीतरी खालून राखणदार बाईंना बोलावलं. साठीच्या, शांत बाई. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा हलवून पाहिला. तो तसूभरही हलला नाही. मग त्यांनी गुणवंतचा हात धरून कठड्यावर ठेवला. तेव्हा त्याला कळलं, आपलाच हात थरथरतोय.

उतरताना तो जिन्यातच बसला. ईश्वरी रागावली होती, तरी शेजारी बसली. तिथे त्याने तिला महादूबद्दल सांगितलं. विभावरीलाही ते अर्धंच माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी दुबईतल्या एका साइटवर देवरुखकडचा महादू परांचीवरून पडला. त्या सकाळी ती परांची गुणवंतनेच तपासली होती. चौकशीत त्याची चूक निघाली नाही. परांचीचा आधाराचा आडवा पाइप कुणीतरी नंतर काढला होता.

"पण दुपारी मी पुन्हा बघायला हवं होतं," तो म्हणाला.

ईश्वरीने विचारलं, "इज ही अलाइव्ह?"

गावी पाठवला तेव्हा महादू जिवंत होता. पुढचं गुणवंतला माहीत नव्हतं. विचारायची त्याची कधी हिंमतच झाली नव्हती.

परतल्यावर त्याने जुन्या फोरमनकडून नंबर मिळवला. चार दिवस नुसता फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. शनिवारी सकाळी ईश्वरी समोर येऊन बसली. "बाबा, यल्ला, लाव ना आता," म्हणाली.

पलीकडे महादूची बायको नर्मदा होती. गुणवंतने आपलं नाव सांगितलं, दुबईतली साइट सांगितली; महादूचं नाव मात्र घेतलं नाही.

"ते बागेत गेलेत," तीच म्हणाली. "कंबर धरते मधनंमधनं, बाकी बरे आहेत. जेवायच्या वेळेला करा फोन."

दुपारी महादूने आवाज लगेच ओळखला. अपघाताचं त्याने नावही काढलं नाही. तिकडे अजून तेवढाच उकाडा असतो का, एवढं विचारलं. गुणवंतही जे बोलायचं होतं ते बोललाच नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत तिघं देवरुखला जाणार आहेत. तिकिटं झाली आहेत. महादूसमोर बसल्यावर सुरुवात कशी करायची, हे मात्र गुणवंतला अजून सुचत नाही.