दोरीपलीकडचे पाहुणे

"जरा लांब." कुणी हात मिळवायला पुढे झालं, की आमचे फोटोवाले एवढंच म्हणत आणि स्वतःच दोन पावलं मागे सरकत. "दुप्पट लांब गेलात, की जोर चौपट कमी." किरणांचा हा नियम ते लाउडस्पीकरला, सासुरवाडीला आणि आमच्या मालकांच्या भाषणाला सारखाच लावत.

नव्वदच्या दशकात कळंबोलीच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो. आम्ही पोलादी टाक्या बनवायचो. हे गृहस्थ वेल्डिंगच्या सांध्यांचे गॅमा किरणांनी फोटो काढायला येत, म्हणून कामगार त्यांना फोटोवाले म्हणत. आमच्याच कामावर त्यांचं घर चालत होतं. भोवती लाल झेंड्यांची दोरी बांधायची, लांबून हँडल फिरवून जड डब्यातला, किरण सोडणारा इरिडियमचा इवलासा तुकडा बाहेर सरकवायचा. किरण पोलादातून आरपार जाऊन मागच्या फिल्मवर उमटत; सांध्यात भेग राहिली असली तर तिथे दिसे.

"दिसत नाय, वास नाय, आवाज नाय," ते सांगत. "उजेडाचाच भाऊबंद. पण लहर फार आखूड आणि जोर फार."

"अंगाला चिकटत असतील की हो?" मी विचारलं.

"दिवा घालवल्यावर उजेड भिंतीला चिकटून राहतो का? डबा बंद, विषय बंद."

हाच माणूस जुईनगरला घरी गेल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलीला उचलत नसे. एकदा चहाला गेलो तेव्हा वहिनींनीच हे सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एका टाकीच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. शेवटच्या सांध्याचा फोटो राहिला होता; तो जेवणाच्या सुट्टीत उरकायचं ठरलं. आणि पाहुणे वेळेआधी आले! आपल्याकडे असं घडत नाही, त्यामुळे कुणाचीच तयारी नव्हती. मालक त्यांना घेऊन थेट दोरीकडे निघाले. तुकडा अजून बाहेरच होता.

फोटोवाल्यांनी जोरात शिट्टी फुंकली. "थांबा! मागे व्हा!" आणि भराभर हँडल उलटं फिरवायला लागले.

"अहो, हे कोण आहेत माहीत आहे का?" मालक ओरडले.

"मला माहीत आहे साहेब. किरणांना माहीत नाही."

तुकडा डब्यात गेला. किरण मोजायचं मीटर घेऊन ते डब्यापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "आता या." पाहुणे कसले येतात! शेवटी फीतच फाटकापाशी नेऊन बांधली. भाषण मात्र कधी नव्हे ते छोटं झालं.

संध्याकाळी मालकांनी सांगून टाकलं, "उद्यापासून दुसरा माणूस येईल."

"माफी मागून बघा ना," मी फोटोवाल्यांना म्हटलं.

"माफी मागायला जवळ जावं लागतं," ते हसले. "टेन्शन घेऊ नका. सांधे काय, सगळीकडे असतात."

फाटकाशी वहिनी मुलीला घेऊन उभ्या होत्या. मुलगी धावत आली.

"जरा लांब," ते म्हणाले. नळावर जाऊन त्यांनी हात धुतले, पुन्हा एकदा धुतले, मग तिला कडेवर घेतलं आणि तिघं निघाले.

तिच्या फ्रॉकवर, पाठीशी, ओल्या पंजाचा ठसा उमटला होता. रस्त्याच्या वळणापर्यंत तो मला दिसत होता.