सुरुवात कुणी करायची

मोठ्यांनी मिळून खेळायचा बोर्ड गेम निवडायला मला दुकानात तासभर लागला. खोक्यांवरचं सगळं वाचलं. शेवटी कुणी कुणाला मारत नाही असा, चौघांचा एक खेळ घेतला आणि रविवारी शेजारच्या देशपांडे नवराबायकोला आणि वरच्या मजल्यावरच्या नीताताईंना बोलावलं.

नीताताईंनी नियम वाचायला घेतले. "ज्याच्या घरी सगळ्यात अलीकडे पाहुणा आला असेल, त्याने सुरुवात करावी."

हे तेवढं खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.

"माझी नणंद परवाच राहून गेली," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे काल व्याही होते," देशपांडे म्हणाले.

मग तिघंही माझ्याकडे बघू लागली. मी आठवत मागे मागे गेलो. गणपतीत कुणीतरी आलं होतं, पण ते कुठल्या वर्षी? मीटर बघायला येणारा माणूस धरायचा का? एकटेपण रोज जाणवत नाही. कुणी असं मोजायला लावलं की जाणवतं.

"अहो, आम्ही आत्ता आलोय की तुमच्याकडे!" नीताताई हसल्या. "सुरुवात तुमचीच."

फासे माझ्या हातात आले. मी ते नुसते खुळखुळवत राहिलो.

"टाका की आता," देशपांडे म्हणाले.

"आधी अजून एकेक चहा घेऊ," मी म्हटलं आणि फासे मुठीत धरूनच स्वयंपाकघरात गेलो.