सही सरांची, शिफारस शेवाळरावांची

दगडावरच्या शेवाळावर पीएचडी करणाऱ्या माणसाचं मेहुण्याने लग्नातच बारसं केलं होतं: शेवाळराव. पदवी मिळून सात वर्षं होत आली, तरी शेवाळराव त्याच प्रयोगशाळेत, त्याच एक पाय मोडून तीन पायांवर उरलेल्या स्टुलावर, सहा-सहा महिन्यांच्या मुदतवाढीवर तगून होते. गावोगावच्या विद्यापीठांना अर्ज पाठवून बोटं झिजली. उत्तरं फार सभ्य यायची. 'आपली पात्रता वाखाणण्याजोगी आहे, परंतु...' परंतु दिसला की ते पुढे वाचत नसत.

आता एकच जागा उरली होती. पदवीनंतर सात वर्षं उलटली की पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, माणसाला शिळा धरतात, असा नियम.

अर्जाला शिफारसपत्र हवं. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांची रीत ठरलेली. "तूच लिहून आण रे, मी सही ठोकतो. आणि हो, आपल्या त्या पोरीचंही लिही. तीही तिथेच अर्ज करतेय. तुझी भाषा बरी आहे."

पोरगी म्हणजे नुकतीच पीएचडी झालेली धाकटी सहकारी. शेवाळरावांना दादा म्हणायची. तिचं पत्र अर्ध्या तासात झालं. डीप फ्रीजर बंद पडला तेव्हा तिने तीन दिवस घरी न जाता नमुने कसे जगवले, हे लिहिताना त्यांचा हात थांबेना. मग स्वतःचं पत्र. स्वतःची स्तुती लिहिणं म्हणजे स्वतःच्याच खांद्यावर बसून मिरवणूक काढणं. दोन ओळींत ते दमले.

बायकोने कागद उचलला. "'उमेदवार मेहनती व वक्तशीर आहे.' अहो, संशोधक पाठवताय की रखवालदार?"

"सर सही करतील."

"ते वाचतात कुठे! तो फ्रीजरचा प्रकार लिहा की. तुम्हीही तीन दिवस तिथेच होतात, डबे मी पोचवलेत."

"दोन्ही पत्रांत एकच प्रसंग? शोभेल का?"

"मग तिच्यातून काढा!"

शेवाळरावांनी तिचं पत्र पुन्हा वाचलं. "नको गं," ते म्हणाले. "फार छान जमलाय तिथे."

बायकोने कपाळावर हात मारला.

दीड महिन्याने शेवाळरावांना सकाळच्या टपालात परंतु आला. दुपारी पोरगी धावत आली. "दादा, माझी निवड झाली! मुलाखतीत त्यांनी सरांचं पत्र वाचून दाखवलं होतं. पाच वर्षांत सर साधं 'बरं' म्हणाले नाहीत हो. त्यांना माझ्याबद्दल खरंच एवढं वाटतं?"

शेवाळराव स्टुलावर जरा सावरून बसले. "वाटतं ना. बोलून दाखवत नाहीत इतकंच."

ती डोळे पुसत सरांच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने सरच बाहेर आले, गोंधळलेले.

"अरे, काय लिहिलं होतंस? रडली की ती माझ्यासमोर!"

"पाहिलं तेच लिहिलं, सर."

"उत्तम. सोमवारपर्यंत आणखी दोघांची हवीत."

"बरं," शेवाळराव म्हणाले. स्टूल भिंतीला टेकवलं आणि कोरा कागद पुढे ओढला.