आमचा नाव रेलिंक्विश झाला

"परत वाच," तो म्हणाला.

मी हातातल्या इंग्रजी कागदावरून परत वाचलं. रे-लिन-क्वि-श. ओटीवरचे सगळे हसले. भाटकार, म्हणजे आम्ही कसत होतो त्या माडांच्या बागेचे मालक. त्यांची बायको. आणि मुंबईहून आलेला त्यांचा वकील मुलगा. तोच मला वाचायला लावत होता. मी आठवीत होते. बाबा आणि मी खाली खळ्यात उभे. ओटीवर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या आमच्यासाठी नाहीत, हे कुणी सांगावं लागत नव्हतं.

"तुझा चेडू इंग्लिशात पयला इला मा?" भाटकार माझ्याकडे बोट करून बाबांना म्हणाले होते. "मगे तेकाच वाचूंक सांग. आमच्यार इस्वास ठेवू नको."

तिसऱ्यांदा वाचून घेतलं. मग मुलाने विचारलं, "अर्थ माहीत आहे ना? की नुसताच पहिला नंबर?"

मला अर्थ माहीत नव्हता. राइट्स म्हणजे हक्क, एवढंच कळत होतं. पण "नाही" म्हटलं असतं तर ते आणखी एकदा हसले असते. बाबांच्या देखत. ते मला नको होतं. बाबांनी हळूच विचारलं, "काय म्हणता गो ह्यो कागद?"

मी म्हटलं, "आपलो हक्क नोंद करतत, बाबा."

ओटीवरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भाटकार म्हणाले, "बरोबर. हुशार आसा चेडू तुझा."

बाबांनी सही केली.

पुढे कितीतरी दिवस ते खुशीत होते. दुकानावर, देवळाच्या पायरीवर, होडी ओढायला जमलेल्या माणसांत सांगत सुटले, "आमचा नाव रेलिंक्विश झाला. चेडवान स्वतः वाचल्यान." शब्द त्यांना आवडला होता. माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणायचे. अर्थ विचारला कुणी, तर म्हणायचे, सरकारी शब्द आहे, तुला नाही कळायचा.

वर्षभरात बागेला तारेचं कुंपण पडलं. सातबाऱ्यावर कूळ म्हणून असलेलं आमचं नाव गेलं. बाबा तालुक्याच्या कचेरीत जाऊन आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, कचेरीत चूक झाली. मी मानलं. मानणं सोयीचं होतं.

अकरावीत इंग्रजीच्या मॅडमनी एकदा फळ्यावर क्रियापदं लिहिली. चौथं तेच. समोर अर्थ लिहिला: हक्क सोडून देणे. माझे कान तापले. मॅडम म्हणाल्या, वाक्यात उपयोग करा. माझ्यावर पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "माय फादर रेलिंक्विश्ड हिज लँड."

"व्हेरी गुड," मॅडम म्हणाल्या. "बस."

त्या दिवशी घरी येऊन मी बाबांसमोर रडले. ते झावळं विणत होते. हात न थांबवता म्हणाले, "माका म्हायत होता. कचेरीत सांगल्यानी."

"मगे माका कित्याक नाय सांगलास?"

"तुझा इंग्लिश सुटला असता."

एवढंच. मरेपर्यंत त्यांनी एकदाही मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. शिव्या माणूस विसरतो.

तेव्हापासून तो शब्द माझ्या मानगुटीवर आहे. भूत परवडलं, ते निदान नारळ-कोंबड्यावर गप्प बसतं. हा काही घेत नाही. येतो तो बाबांच्या आवाजात, दुकानावरच्या त्या खुशीच्या आवाजात. मी आता हायस्कूलात इंग्रजी शिकवते. पोरांच्या वह्या तपासताना येतो. भात शिजताना येतो. बागेत आज पर्यटकांच्या खोल्या आहेत आणि बाबांनी लावलेल्या माडांना झोपाळे टांगलेत. शाळेत जाताना त्या कुंपणाकडे बघायचं नाही म्हणून मी लांबच्या वाटेने जाते.

गेल्या महिन्यात तो वकील मुलगा आमच्या घरी आला. केस पांढरे, आवाज तोच. त्याला आता आमच्या घराखालची जमीन हवी होती. खोल्या वाढवायच्यात. वारस म्हणून माझी सही पाहिजे. मी त्याला खुर्ची दिली. त्याने कागद पुढे केला. इंग्रजी.

हसून म्हणाला, "मॅडम, आता तुम्हाला अर्थ सांगायला नको. रेलिंक्विश. आठवतं ना?"

त्याला आठवत होतं. म्हणजे त्या दिवशी मी काय सांगितलं, ते त्याने ऐकलं होतं. खोटं आहे हे त्याला कळलं होतं. आणि मग मला दुसरीही गोष्ट कळली, इतकी वर्षं समोर असून न दिसलेली. माझे बाबा चौथी शिकलेले. रोजचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. मराठी कागद त्यांनी स्वतः वाचला असता. कागद इंग्रजीत होता तो म्हणूनच. आणि वाचायला मला उभं केलं तेही म्हणूनच. स्वतःच्या पोरीवर कुठला बाप संशय घेणार?

"सही करणार नाही," मी म्हटलं.

"विचार करा."

"केला. उठा."

दुसऱ्या दिवशी मी कुडाळला वकीलबाईंकडे गेले. बागेचा जुना कागद रद्द करा म्हणून अर्ज करायचा म्हटलं. त्या म्हणाल्या, कठीण आहे, फार उशीर झालाय. वडिलांना मजकूर कळला नव्हता, याला पुरावा काय?

मी आहे, म्हटलं.

त्यांनी मला दोनदा विचारलं. गावात बोभाटा होईल, शाळेत पोरं काय म्हणतील, तुम्ही तर इंग्रजीच्या बाई. खरं आहे. बागही कदाचित मिळणार नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. पण आजवर ही लाज मी एकटीने वाहिली. आता ओटीवरच्या लोकांनीही वाहावी.

तारीख लागली की मी सगळ्यांसमोर उभी राहणार आणि सांगणार: मला अर्थ येत नव्हता. मी बापाला खोटं सांगितलं. ज्यांना अर्थ येत होता, ते "बरोबर" म्हणाले. लिहून घ्या. मराठीत लिहा.