देवाजीनं चाबी ठेवली नाही

कौसल्याबाईला आमच्या गावात कुणी नावानं हाक मारत नाही. लेकरं तिला बाई म्हणतात, म्हणून त्यांच्या आयाही बाई म्हणतात. त्यातल्या निम्म्या आया एके काळी तिच्याच पुढ्यात शेंबूड पुसत 'अ आ' शिकलेल्या. सव्वीस वर्षं ती अंगणवाडी चालवते आहे. कुणाचं पोर किती वजनाचं जन्मलं, कुणाला गोवराची सुई द्यायची राहिली, कोणती सून माहेरी रुसून बसली, सगळं तिला तोंडपाठ. सरकारनं तिच्या डोक्यावर टाकायचं काही शिल्लक ठेवलं नाही. पोलिओचे डोस, संडासांची मोजणी आणि त्यावर कडी म्हणजे मतदार यादी. घरोघर फिरा, मेले त्यांची नावं काढा, अठराचे झाले त्यांची घाला, गाव सोडून गेले त्यांची खोडा. मदतनिसाची जागा दोन वर्षं रिकामी, तरी बाई दुपारी लेकरांना घरी पाठवून छत्री घेऊन निघायची.

त्याच बाईला गाव आता 'नावं खाणारी' म्हणतं. नावं तिनं खाल्ली नाहीत, मी खाल्ली.

मी मधुसूदन. खापरखेड्याला वीज केंद्राच्या भांडारात एकतीस वर्षं कारकुनी केली आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तोंडानं फटकळ आहे. बायको होती तोवर माझं बोलून झालं की ती मागून जाऊन लोकांची समजूत काढायची. आता ते काम करायला कुणी नाही.

माझं घर गावाच्या टोकाला, नाल्याच्या अलीकडे. पलीकडे सरकारी जागेवर चाळीसेक घरं आहेत. त्यातलं पहिलं देवाजीचं, त्याच्या मागे चार घरं सोडून खुद्द बाईचं. देवाजीचं सगळं खटलं दर पावसाळ्यात मौद्याकडे धानाच्या रोवणीला जातं. तो, बायको, दोघं भाऊ, त्यांच्या बायका, मोठी पोरं. महिनाभर घर बंद. जाताना देवाजी नाल्यावरच्या फरशी-पुलावरून येऊन चाबी माझ्या हातात द्यायचा. "ठेवा भाऊ," एवढंच म्हणायचा. आमच्याकडे चाबी ठेवणं म्हणजे परत येतो असं सांगणं. ज्याला यायचं नसतं, तो चाबी कमरेला लावून जातो. सतरा वर्षं ती चाबी माझ्या देवघरातल्या खिळ्याला लटकली.

गेल्या पावसाळ्यात त्यानं ती ठेवली नाही.

कारण निवडणूक. सरपंचाची निवडणूक हिवाळ्यात होती, पण गाव पावसाळ्यातच फाटलं होतं. अलीकडचा गोविंदा म्हणे, नाल्यापलीकडचं अतिक्रमण काढून रस्ता करू. पलीकडचा प्रेमानंद म्हणे, घरं कायम करून देऊ. मी गोविंदाच्या बाजूचा. का, तर त्याचा बाप माझा मित्र होता आणि देवाजीच्या शेळ्यांनी दोनदा माझी मेथी खाल्ली होती. माणूस याहून मोठ्या कारणानं मत देतो असं ज्याला वाटतं, त्यानं वर्षभर खेड्यात राहून बघावं. माझ्या भिंतीवर गोविंदाचा बोर्ड लागला आणि देवाजी माझ्या दारावरून, न बघता, चाबी खिशात घालून रोवणीला गेला.

मला ते फार लागलं. सांगायला लाज वाटते, पण लागलं.

आठ-दहा दिवसांनी बाई यादी घेऊन आली. देवाजीच्या कुलपासमोर दोनदा येऊन गेली होती, ही तिसरी खेप. माझ्या ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "भाऊ, देवाजीचे रोवणीले गेले न? चाबी तुमच्यापाशीच असन."

मी म्हणालो, "नाही ठेवली. गेले ते. आता कशाले येतात!"

"म्हंजे कायमचे?"

"मंग काय तर. चाबी घेऊन गेला न त्यो."

 तिला पटत नव्हतं, दिसत होतं. पण चाबीचं ऐकून तिचाही घोटाळा झाला. बाहेरची कुणी मॅडम असती तर चाबीचं तिला काही वाटलं नसतं, तिनं मोबाइल नंबर शोधला असता. आमच्या बाईनं चाबीवर विश्वास ठेवला आणि माझ्यावर. शेजाऱ्याची सही लागते, म्हणून कागद पुढे केला. 'सदर कुटुंब गाव सोडून गेले आहे.' मी सही ठोकली. मला खरं ठाऊक नव्हतं का? अर्धं ठाऊक होतं. उरलेल्या अर्ध्याला मी रागात गप्प बसवलं.

नियमाप्रमाणे तिनं देवाजीच्या दारावर नोटीस चिकटवली. ती पावसात गेली. कच्ची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली, ती कुणी वाचली नाही. देवाजीचं खटलं पोळ्याआधी परत आलं. बाईनंही त्यांना बघितलं, पण भिंतीवरची यादी वाचून ते स्वतःच नावं घालून घेतील असं तिला वाटलं. मी देवाजीला नाल्यावर बघितलं आणि मनात म्हणालो, माझी सही खोटी होती हे उद्या बाईला सांगू. त्या उद्याचे चार महिने झाले.

मतदानाच्या दिवशी देवाजीचे नऊ जण नवे कपडे घालून रांगेत उभे राहिले आणि नऊच्या नऊ परत आले. निकाल लागला तेव्हा गोविंदा सात मतांनी निवडून आला.

सात आणि नऊ. एवढा हिशेब शेळीलाही येतो.

त्या दिवशी अलीकडे गुलाल आणि डीजे, पलीकडे चुली बंद. लोकांना वाटतं निकाल लागला की निवडणूक संपते. आमच्याकडे ती तेव्हा सुरू झाली. पिठाच्या चक्कीवर दोन रांगा झाल्या. अलीकडच्या दुकानातून पलीकडचे मीठ घेईनात. रस्ता कधी आखतात, पहिलं घर कुणाचं पडतं, याचीच रोज चर्चा. आणि सगळा राग जाऊन पडला बाईवर, कारण ती पलीकडचीच. परक्यानं मारलं तर माणूस सोसतो, घरच्यानं मारलेलं सोसत नाही.

नाल्याकाठच्या अंगणवाडीत बावीस लेकरं होती. पहिल्या आठवड्यात अकरा राहिली, मग सहा, मग तीन. देवाजीची नात दीक्षा रोज सगळ्यात आधी यायची. तिला घ्यायला देवाजी स्वतः आला. मी समोरच्या पारावर होतो. त्यानं दारातूनच हात धरला.

"देवाजी, लेकरू जेवून राहिलं न. जेवू तर दे," बाई म्हणाली.

"तुह्या हातचं नको. आमची नावं खाल्ली तेवढं पुरे झालं."

"मी चुकलो गा. तुमी दिसले नाहीत, मले वाटलं..."

"कोणं सांगतलं तुले आमी गेलो म्हणून?"

बाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माही चूक हाये," म्हणाली, आणि दीक्षाचं तोंड पदरानं पुसून तिला सोडलं. मी पारावर बसून राहिलो. माझे पाय कुणी पळवून नेले नव्हते, मी उठलो नाही इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. "माह्यं नाव काहून नाही सांगतलं?"

ती डाळ निवडत होती. "सांगून काय होते भाऊ? तुमचं अन् त्याचं दार समोरासमोर. उद्या रस्त्यापायी मारामाऱ्या होतीन, तवा तुमच्या घरावर पहिला गोटा पडन. मले काय, मी सरकारी. मले शिव्या खायाची सवय हाये."

 बायको गेली तेव्हाही मी इतका निराधार झालो नव्हतो. तीन लेकरं उरली होती. ती गेली की अंगणवाडी बंद दाखवणार आणि सव्वीस वर्षांवर पाणी फिरणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी ठरवलं, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत उभं राहून सगळं सांगायचं. गावासमोर लाज निघू दे, लेकरं तर परत येतील.

झेंडा झाला, सभा बसली. अलीकडचे एका अंगाला, पलीकडचे दुसऱ्या अंगाला, मध्ये शाळेच्या मैदानाचा कोरा पट्टा. बाई पट्ट्याच्या कडेला एकटी. मी उठलो.  मी म्हणालो, देवाजीचं कुटुंब गेलं असं बाईला मी सांगितलं. सही माझी आहे. बाईचा काही दोष नाही. राग होता म्हणून बोललो, चूक माझी आहे, देवाजी, मला माफ कर.

 मग आमच्या बाजूनं शिट्टी आली. गोविंदाचा पुतण्या अंकित खुर्चीवर चढला. "अरे काय काका! एकट्यानं नऊ विकेट! अन् पत्ता नाही लागू दिला बे कोणाले!" पोरं हसली, टाळ्या पडल्या. कुणीतरी गोविंदाच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. मी तो काढायला गेलो तर हात धरून ठेवले. मी ओरडलो की हसू नका, ही चूक होती. ते आणखी हसले.

पलीकडून देवाजी उठला. त्याचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "म्हंजे दोघायनं मिळून केलं. यानं सांगतलं, तिनं लिवलं. अन् आमी समजून राहिलो का बाई चुकली." तो निघाला. त्याच्यामागे पलीकडचं सगळं मैदान उठून गेलं.

बाई जागची हलली नाही. हार गळ्यात घेऊन मी तिच्याकडे बघत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या तोंडाची किळस आली.

दुसऱ्या दिवशी ती तीन लेकरंही आली नाहीत. बचतगटाची खिचडी मात्र आली, बावीस जणांची. दुपारी गेलो तेव्हा बाई त्या पातेल्याजवळ बसली होती. मला ताट वाढलं. मी घास घेऊ शकलो नाही.

"कालपरेंत लोक म्हणत, बाई चुकली," ती म्हणाली. "आता म्हणतात बाईनं डाव केला. चुकीले माफी असते भाऊ. डावाले नसते."

"मी पुन्हा सांगतो सगळ्यायले. घरोघर जातो."

"नका जाऊ. तुमच्या पाया पडतो, आता काही सांगू नका."

मग तिनं फळ्यावर उपस्थिती लिहिली, शून्य. पातेलं गाईसाठी बाहेर ठेवलं. दाराला कुलूप लावलं आणि चाबी माझ्यापुढे धरली. पारशिवनीला पोरीकडे जाते म्हणाली.

"परत येते न वं, बाई?"

"चाबी ठेवली न भाऊ," ती म्हणाली आणि बसथांब्याकडे निघाली. पिशवी एकच होती, पण भरलेली होती.

आज अकरा दिवस झाले. तिचा फोन बंद आहे. काल तालुक्याहून सुपरवायझर मॅडम आल्या. बाईंनी काम सोडलं असं ऐकलं, शेजारी म्हणून तुम्ही लिहून द्या म्हणाल्या, म्हणजे जागा रिकामी दाखवता येईल. कागद पुढे केला. 'सदर सेविका गाव सोडून गेली आहे.' सहीची जागाही तीच, उजवीकडे खाली.

"सोडलं नाही," मी म्हणालो. "हे पाहा, चाबी ठेवून गेली हाये."

मॅडम चाबीकडे बघून हसल्या. त्या अमरावतीच्या, त्यांना काय कळणार. पंधरा दिवस वाट बघते, मग नाव काढावंच लागेल, म्हणाल्या.

रोज दहा वाजता मी अंगणवाडी उघडतो, झाडतो, ओट्यावर बसतो. नाल्यापलीकडून दीक्षा बघते. देवाजी तिला आत घेतो आणि दार लावतो. बाई येणार नाही हे मला ठाऊक आहे का? अर्धं ठाऊक आहे. पण सही मी देणार नाही.