आठशे कशाचे?

प्रियदर्शनी सोनकांबळे ही आमच्या गावची अंगणवाडी सेविका. गाव देवणीपासून नऊ किलोमीटरवर. मागच्या उन्हाळ्यात तिथं जे घडलं ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. आणि आधीच सांगून टाकतो, त्यात मीही होतो. चांगल्यांच्या बाजूला नव्हतो.

मी एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. प्रियदर्शनी माझीच विद्यार्थिनी. गणितात तल्लख, पण उत्तरापुढं एकक लिहायला हमखास विसरायची. नुसतं 'बारा' लिहून मोकळी. बारा ज्यूल की बारा न्यूटन, पत्ता नाही. मी तांबड्या शाईनं गोल करायचो आणि अर्धा मार्क कापायचो.

"सर, उत्तर तर बरोबर हाय की," ती कुरकुरायची.

"बारा म्हशी की बारा माशा, ते कोण सांगणार?" मी म्हणायचो, आणि सगळा वर्ग हसायचा.

दहावीनंतर लग्न झालं, तेही गावातच. मग ती सेविका झाली, त्याला वीस वर्षं होऊन गेली. तिचं वजन करणं बघण्यासारखं असतं. दर महिन्याला आढ्याच्या कडीला काटा अडकवते आणि लेकराच्या अंगावरचं सगळं उतरवते. आया पायातले वाळे काढू देत नाहीत, म्हणतात नजर लागते. मग ही भांडत बसत नाही. तसलाच एक सुटा वाळा कुणाकडून मागून घेते, तो वेगळा तोलते, दुप्पट करते आणि लेकराच्या वजनातून वजा करते. असं वजन करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि अशा बाईला गावानं चोर म्हटलं.

झालं असं. एका पोषण प्रकल्पातून अशक्त लेकरांसाठी पिठाची पाकिटं आली. आदेश होता, प्रत्येक अशक्त लेकराला रोज आठशे किलोकॅलरी जास्तीच्या मिळाल्या पाहिजेत. पाकिटावर ठळक छापलं होतं, आठशे. प्रशिक्षणात प्रकल्पाच्या साहेबांनी बजावलं, "एक लेकरू, एक दिवस, एक पाकीट." आमच्या गावात अशी पाच लेकरं होती. त्यात पंचफुलाबाईची तीन वर्षांची नात करिश्मा सगळ्यात हडकुळी, नऊ किलो दोनशे ग्रॅम. प्रियदर्शनी पाचही जणांना समोर बसवून, स्वतःच्या हातानं कालवून भरवायची. दोन महिने झाले आणि काटा जागचा हलला नाही. करिश्मा नऊ किलो दोनशेच.

बाकीच्या गावांत मात्र लेकरं फुगत होती. नोंदवहीत. कारण तिथं वजन काट्यावर होत नव्हतं, टेबलावर बसून भरलं जात होतं. मागच्या महिन्याच्या आकड्यात पाव किलो मिळवायचं आणि पुढचा रकाना भरायचा. हे खालपासून वरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या प्रियदर्शनीनं काट्यावरचं लिहिलं, आणि तीच अडकली. चाळीस गावांची लेकरं वाढतात, तुमचीच वाढत नाहीत, मग पाकिटं जातात कुठं? सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर सेवेतून कमी करू, अशी नोटीस आली.

नोटिशीपाठोपाठ साहेब जीप घेऊन पंचनाम्याला आले. पारावर गाव गोळा झालं. पंच म्हणून पाच जणांच्या सह्या हव्या होत्या. पहिली शेतकरी गुरुपादप्पाची झाली. या माणसाला आपल्या देवणी जातीच्या वळूची सकाळची पेंड आणि संध्याकाळची सरकी मापानिशी पाठ, पण त्यानं मुठीत मावणारं ते पाकीट हातात घेऊन एवढंसं पीठ कसं पुरेल असं एकदाही विचारलं नाही. मग पाकीट माझ्या हातात आलं.

"सर, तुम्ही विज्ञानाचे. वाचा बरं, किती आहे?"

मी चष्मा लावला. सगळं गाव बघत होतं, मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? "आठशे," मी मास्तरी आवाजात सांगितलं आणि सही ठोकली.

पंचफुलाबाई उठली. "माज्या नातीच्या तोंडातलं काढून खाल्लंस की गं! इकून खाल्लंस! चोरटी हाईस तू!"

प्रियदर्शनीनं तिच्याकडं पाहिलं नाही. एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी पेनाचं टोपण लावत होतो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती माझ्या घरी आली. बस म्हटलं तरी बसली नाही. टेबलावर पाकीट ठेवलं, शेजारी काच तडकलेला मोबाईल ठेवला.

"सर, आठशेच्या पुढं वाचा."

आठशेच्या पुढं मुंगीएवढी दोन इंग्रजी अक्षरं होती. केजे. किलोज्यूल. आदेशात होती किलोकॅलरी. एका किलोकॅलरीत चार किलोज्यूलहून जास्त भरतात, हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो.

मोबाईलवर तिनं एकक बदलायचं एक पान उघडून ठेवलं होतं. एका चौकोनात आकडा भरायचा, खालच्या यादीतून एकक निवडायचं, की दुसऱ्या चौकोनात उत्तर येतं. तिनं माझ्यासमोर आठशे भरले. उत्तर आलं एकशे एक्क्याण्णव.

"उलटंबी करून पाह्यलं. आठशे किलोकॅलरी म्हंजे तीन हजार तीनशे सत्तेचाळीस किलोज्यूल. सकाळधरनं धा बार करून बघितलं सर, मलाच खरं वाटंना."

मलाही ते खरं असायला नको होतं. मी हट्टानं कागद घेतला आणि चार पूर्णांक एक आठ चारनं हातानं भागाकार केला. तेवढंच आलं. लेकरांना चौथा हिस्सासुद्धा मिळत नव्हता, आणि काटा बिचारा दोन महिने तेच सांगत होता. साहेबांना दिल्या त्याहून मोठ्या शिव्या मी स्वतःला दिल्या.

नोटिशीच्या सुनावणीला देवणीच्या कचेरीत तिच्यासोबत मीही गेलो. तिनं पाकीट पुढं केलं, अक्षरं दाखवली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि स्वतःचा मोबाईल काढला. तसलंच पान उघडलं, आठशे किलोज्यूल भरले, यादीतून 'कॅलरी' निवडलं आणि मोठ्यानं हसले.

"बाई, एक लाख एक्क्याण्णव हजार कॅलरी! आठशे पाहिजे होत्या, इथं लाखांनी मिळतायत. आता बोला!"

खोलीतले कारकून हसले. अगदी माझा वर्ग हसायचा तसे. प्रियदर्शनी जागची हलली नाही.

"साहेब, रोज लाख लाख खाऊन तीन वर्साचं लेकरू नऊ किलोचं ऱ्हातंय व्हय? मंग तुमचा मोबाईल खोटा का माजा काटा?"

त्यावर मात्र मला राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि ओरडलो. आहारात ज्याला लोक कॅलरी म्हणतात ती किलोकॅलरी असते, तुम्ही निवडलेली कॅलरी तिचा हजारावा हिस्सा, तुमच्याच आदेशात किलोकॅलरी लिहिलंय, ते निवडा! साहेबांनी निवडलं. चौकोनात एकशे एक्क्याण्णव आले. हसू कुठल्या कुठं गेलं.

मग आम्हाला आतल्या खोलीत नेलं. चहा मागवला. छपाईची चूक असेल म्हणाले, वर कळवतो म्हणाले. "नोटीस मागं घेतो, बाई. फक्त दोन महिन्यांचं वजन जरा सावरून लिहा. बाकीच्या गावांशी जुळलं पाहिजे ना. आम्हालाही उत्तरं द्यावी लागतात."

"काट्यावर आलं ते लिवलंय," ती म्हणाली. "खाडाखोड करनार न्हाई. अन् चोर म्हनलं पारावर, साहेब. मागं घ्यायचं तेबी पारावर या."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ते येणार नाहीत हे तिथंच कळलं. तिनं चहाला हात लावला नव्हता.

परतताना रिक्षात मी म्हणालो, "प्रियदर्शनी, माझं चुकलं."

"किती कापू सर? अर्धाच का?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती एका लेकराला चार चार पाकिटं भरवायला लागली. एक लेकरू, एक पाकीट हा हुकूम तिनं मोडला आणि तसं नोंदवहीत लिहूनही ठेवलं. पंधरवड्यात करिश्मा नऊ किलो सहाशे भरली, वाळे वजा जाता. साठा संपला, नवा आला नाही. आली ती दुसरी नोटीस, साठा मुदतीआधी का संपवला याची.

ती नोटीस वाचली त्या संध्याकाळी मी पारावर गेलो. गाव गोळा केलं आणि लिहून नेलेला कागद वाचला. पाकिटावरचा आकडा मी वाचला, एकक वाचलं नाही. पाकिटात आठशे किलोकॅलरी नव्हत्या, एकशे एक्क्याण्णव होत्या. प्रियदर्शनी सोनकांबळे यांनी एकही पाकीट घेतलं नाही. पंचनाम्यावरची माझी सही खोटी ठरली आहे. सगळे खाली मान घालून ऐकत होते. गुरुपादप्पा वळूला पाणी पाजायचंय म्हणून उठून गेला. प्रियदर्शनी आलीच नव्हती. माझी माफी ऐकायची तिला गरज नव्हती.

पंचफुलाबाई करिश्माला कडेवर घेऊन पुढं आली. माझ्या हातातल्या कागदाकडं तिनं पाहिलं. तिला वाचता येत नाही.

"मंग गुरुजी," ती म्हणाली, "त्या बाईला म्या भर पारावर चोर म्हनले. आता म्या चोर म्हनू कुनाला?"

एकतीस वर्षांत वर्गातला एकही प्रश्न मी तसाच सोडला नव्हता. करिश्मानं हात लांब करून माझ्या हातातला कागद ओढला. मी तो सोडून दिला.