सहीच्या आधीची पंधरा मिनिटं

१२ ऑक्टोबर, रविवार. जेवणाच्या टेबलावर चौतीस करार पसरून प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर, सहीच्या जागी, मी पिवळी चिठ्ठी चिकटवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुहैस्नाहच्या कॅम्पवर, आमच्या कंपनीच्या कामगारवस्तीत, सह्या घ्यायच्या होत्या. अकरावी चिठ्ठी हातात असताना खालच्या मजल्यावरून फोन आला. वझलवार सर गेले. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या... खाली जाऊन मी त्यांच्या मुलाला कागदपत्रांत मदत केली आणि संध्याकाळी वर येऊन उरलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. रडणं मला कधी नीट जमलेलं नाही.

सर नागपूरचे. इथे आखातात, अल कुसैसच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले, मग मुलाच्या घरी शिकवण्या घ्यायचे. माझी सई त्यांच्याकडे जायची. अमेरिकेतल्या यादवी युद्धावर तिने उत्तर लिहिलं होतं: युद्ध संपलं, गुलाम मुक्त झाले. सरांनी समासात लाल शाईने लिहिलं, 'मग?' सई म्हणाली, "सर, चॅप्टर इज ओव्हर." सर म्हणाले, "पुस्तकाचा झाला. त्यांचा कुठे झाला?" आणि तासभर सांगत बसले. तिला न्यायला आलेली मी दारात उभी राहून ऐकत होते. मुक्त झालेल्यांजवळ जमीन नव्हती, अक्षर नव्हतं. हंगाम आला तेव्हा कालच्याच मालकांनी त्यांच्यापुढे वर्षाचे करार ठेवले, आणि कित्येकांनी त्यावर सही म्हणून फुली मारली. म्हाताऱ्या बायका नातवंडांशेजारी बसून मुळाक्षरं गिरवू लागल्या, ती आपल्यापुढचा कागद वाचता यावा म्हणून. "पडलेले पूल लवकर उभे राहिले," सर म्हणाले. "देश नाही राहिला. बारा वर्षांनी त्यांच्या संरक्षणाला ठेवलेलं सैन्य निघून गेलं, आणि मिळालेलं बरंचसं काढून घेतलं गेलं." हे सगळं मागच्याच आठवड्यात घडल्यासारखे चिडून बोलत होते.

मी एका सफाई-देखभाल कंपनीत एचआरमध्ये आहे. ते कळल्यापासून सरांनी मला सोडलं नाही. जिन्यात भेटले की विचारायचे, "काय बाई, वाचून दाखवता का सही घेण्याआधी?"

त्यांच्याकडे दर रविवारी खेडचा दत्ताराम वाचायला शिकायला यायचा. आमच्याच कंपनीचा माणूस, जबल अलीच्या गोदामात सफाईला. मे महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न. दर वर्षी मिळते तशी गावची रजा याही वर्षी मिळणार, हे धरून त्याने तारीख काढली होती. नव्या करारात सातवं कलम बदललं होतं: गावची रजा आता दोन वर्षांनी. बदल कामगारांना कळवलाय, असं वरून सांगण्यात आलं होतं. कुणी कळवला, ते मी विचारलं नव्हतं.

आमची शेवटची भेट भांडणातच गेली. सरांनी दत्तारामच्या देखत विचारलं, "नव्या कागदात रजेचं काय आहे?"

मी म्हणाले, "सर, सह्यांच्या वेळी बाहेर बस उभी असते. तीस-पस्तीस माणसं, ड्रायव्हर यल्ला यल्ला, चला चला करत हॉर्न वाजवतो. आणि आमची माणसं काही गुलाम नाहीत. विमानाने येतात, विमानाने जातात."

"मी कुठे म्हणालो गुलाम? मी पंधरा मिनिटं मागतोय."

"तुम्ही निवृत्त झालात. माझी नोकरी आहे."

दत्ताराम खाली बघून म्हणाला, "राहू दे सर. मॅडम हायत ना, वाईट नाय करणार."

मी निघून आले. पुढच्याच रविवारी सर गेले.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. माझ्या नोकरीचं काय होतंय ते अजून ठरलेलं नाही. सईच्या वहीतला तो 'मग?' तसाच आहे. त्या रविवारी करार बॅगेत भरताना वही मध्ये आली, म्हणून उघडली गेली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी साडेपाचला कॅम्पच्या जेवणाच्या हॉलमध्ये माणसं रांगेत उभी होती. मी त्यांना बाकांवर बसायला सांगितलं. अंगठ्यांसाठीचा शाईचा पॅड बॅगेतच ठेवला. एकेक करार हातात घेऊन चौतीसही पिवळ्या चिठ्ठ्या काढल्या, मग पहिल्या कलमापासून आधी हिंदीत, मग मराठीत वाचायला लागले. बाहेर हॉर्न वाजत होता. सातवं कलम वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून दत्ताराम उभा राहिला.

"मॅडम, सातवं परत वाचा."

मी परत वाचलं.